भोंग्यातलं पाणी

त्या वर्षी दीपगृह खात्याचा हुकूम आला तो असा: पंधरा डिसेंबरला सूर्य उगवला की तळ्यावरचे सगळे दिवे विझवा, धुक्यात वाजवायच्या भोंग्यांचे बॉयलर रिकामे करा आणि आपापल्या सोयीने घरी जा. आम्हा किनाऱ्यावरच्यांची सोय म्हणजे जिना उतरून स्वयंपाकघरात येणं. घोडखडकावरच्या दिव्याच्या तिघांची सोय म्हणजे उघड्या होडीतून समुद्राएवढ्या सुपीरियर तळ्याचं सात मैल पाणी, तेही डिसेंबरात. दरवर्षी त्यांना आणायला पुरवठ्याचं जहाज जायचं. या वर्षी ते दुसरीकडे जुंपलं होतं. खनिजवाल्यांना शेवटची खेप हवी होती म्हणून दिवे इतक्या उशिरापर्यंत जळत ठेवले, आणि खेप गेल्यावर दिवे जाळणारी माणसं कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत. हे मी रागाने लिहिते आहे. राग झाकून लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकायचंही नाही.

त्या तिघांत माझा नवरा होता, एलिंग.

अस्वलटोकाच्या आमच्या दिव्याचे मुख्य कीपर माझे वडील, अस्लाक. त्यांचा सहायक नोव्हेंबरात छाती भरून गावी गेला, तेव्हापासून त्याचं काम माझ्याकडे होतं. तसं ते आधीही माझ्याकडेच होतं. खात्याच्या लेखी मी कीपरची मुलगी सिग्ने. म्हणजे भिंगं पुसायला आहे, तेल वर चढवायला आहे, भोंग्याची भट्टी पेटवायला आहे, आणि हजेरी घ्यायची वेळ आली की नाही.

बाबांबद्दल एक सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा माणूस हुकुमाबाहेर काडी पेटवायचा नाही. तळ्यावरच्या प्रत्येक दिव्यावर हे ठाऊक होतं. कीपर लोक एकत्र बसले की हसायचे, अस्लाकच्या घराला आग लागली तर तो आधी बघेल, विझवायचा वार आज आहे का. बाबांच्या कानावर हे गेलं होतं. त्यांना त्यात स्तुतीच वाटली.

त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. घोडखडकाचा मनोरा काडीसारखा उभा दिसत होता. बाबांनी दिवा विझवला, भिंगावर कापडी खोळ चढवली, आणि थेट भोंगाघरात जाऊन बॉयलरच्या तोटीला पाना लावला.

"दुपारपर्यंत थांबा ना," मी म्हटलं. "ते आले की सोडू पाणी."

"हुकूम सूर्योदयाचा आहे."

"ते निघालेत की नाही हे हुकुमाला कुठनं कळणार?"

"आभाळ बघ जरा. एवढ्या उजेडात भोंगा हवाय कुणाला?" त्यांनी पाना फिरवला. "आत पाणी गोठलं तर बॉयलर फुटेल. सरकारी आहे तो."

"आणि एलिंग कुणाचा आहे?"

पाना फिरतच राहिला. गरम पाणी बाहेर बर्फावर पडून फसफसलं, वाफ झाली, आणि थोड्या वेळाने तोटीखाली नुसता काचेसारखा बर्फ उरला. त्यांनी भोंग्याच्या झडपेला चरबी लावून तिच्यावर गोणपाट बांधलं. भोंगा ठराविक वेळाने वाजवणारं घड्याळयंत्र काढून पेटीत ठेवलं. हे सगळं इतक्या निगुतीने, की दुसऱ्या एखाद्या दिवशी मला त्यांचं कौतुक वाटलं असतं.

दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा खडकावरचा झेंडा उतरला होता. म्हणजे निघाले. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक काळा ठिपका पाण्यावर आला.

मग वारा फिरला. वायव्येकडून असा गार झोत आला की दाराची कडी बोटांना चिकटली. आमच्या तळ्याचं पाणी डिसेंबरातही हवेपेक्षा उबदार असतं, आणि अशी थंडी त्यावर पडली की अख्खं तळं वाफाळायला लागतं. आधी नुसते धागे उठतात. मग त्यांचे खांब होतात, खांब एकमेकांत मिसळतात, आणि पाहता पाहता पाण्यावर घराएवढी पांढरी भिंत उभी राहते. वर स्वच्छ ऊन, खाली काही दिसत नाही. खडकाचा मनोरा वरून अर्धाच दिसत राहिला. ठिपका गेला.

मी दुर्बीण पुसली. परत पाहिलं. काचेत काही खोट नव्हती.

दुपारच्या सुमाराला बोर्गिल आली, घोडखडकाचा मुख्य कीपर हाल्वोर याची बायको. गावापासून टोकापर्यंत बर्फातून चालत आलेली. आल्या आल्या तिने पोलक्यात हात घातला आणि लोकरी मोज्यांचे जोड काढले. अंगाशी धरून ऊबदार ठेवले होते तिने.

"आले?"

"नाही."

"निघाले तरी का?"

"सकाळीच. झेंडा उतरलेला पाहिला मी."

तिने मोजे परत आत घातले. "मग भोंगा का गप्प आहे गं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते टेबलाशी बसून तेलाच्या वातींची टोकं कातरत होते, पुढच्या हंगामाची तयारी.

"बॉयलर रिकामा केलाय," ते म्हणाले. "हुकूम होता."

"अस्लाक," बोर्गिल शांतपणे म्हणाली, "तुझी बायको वारली तेव्हा रडायचा हुकूम आला होता का रे? की तेव्हाही साहेबाला विचारून घेतलंस?"

"बोर्गिल, बॉयलर थंड आहे. जोड सैल केलेत. कोळशाची खोली मोहोर लावून बंद आहे. मी काय करू म्हणतेस?"

"मी काय सांगणार बाई. मी कुठे सरकारी नोकर."

मी बादल्या घेतल्या. ठरवून घेतल्या असं काही नाही. त्या दाराशी होत्या, हात गेला. विहिरीकडची नळी गोठली होती, म्हणून धक्क्यापाशी कुऱ्हाडीने बर्फ फोडून तळ्यातलं पाणी भरायचं आणि चढावरून भोंगाघरात आणायचं. पहिल्या खेपेला अर्धं पाणी माझ्या झग्यावर सांडलं आणि झगा पत्र्यासारखा ताठ झाला. चालताना खडखडायचा. दुसऱ्या खेपेला बोर्गिल मागे होती. साठीची बाई, गुडघे धरलेले, प्रत्येक पावलाला खात्याच्या कुणा ना कुणा साहेबाच्या आईचा उद्धार करत येत होती. ती आयुष्यभर दर रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेली बाई आहे. मला त्या शिव्यांचा फार आधार वाटला.

बॉयलर पितच गेला. कितीही ओता, आतून पोकळ आवाज. आणि दर खेपेला मी धक्क्यावर कान देऊन उभी राहायची. आवाज नाही. वल्ह्याचा नाही, माणसाचा नाही. वाफेत आवाज बुडतो. कधी मैलभरावरचं ऐकू येतं, कधी हाताच्या अंतरावरचं येत नाही. एलिंगकडे पत्र्याचं शिंग होतं, धुक्यात फुंकायचं. तो फुंकत असेल आणि आपल्याला ऐकू येत नसेल, की फुंकायला कुणी उरलंच नसेल, हे त्या पांढऱ्या भिंतीकडे बघून कळायला मार्ग नव्हता.

पाणी खुणेपर्यंत आलं तेव्हा मी कोळशाच्या खोलीची मोहोर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने तोडली. भट्टीत कोळसा टाकला, त्यावर रॉकेल ओतलं.

"काय करतेस?" दारात बाबा उभे होते.

"दिसतंय ना."

"थंड बॉयलरखाली एकदम कोळसा? पत्रा तडकेल. आधी लाकूड. बारीक लाकूड, मग जाड, मग कोळसा. किती वर्षं शिकवतोय तुला." ते आत आले, मला बाजूला सारलं आणि कोळसा हातांनी बाहेर ओढायला लागले. "आणि हे जोड कोण आवळणार? वाफ तोंडावर आली म्हणजे कळेल."

त्यांना दया आली म्हणून ते आले असं मी म्हणणार नाही. चुकीची पेटलेली भट्टी त्यांना बघवेना, म्हणून आले. मला कारणाशी घेणं नव्हतं. मी लाकडं फोडायला धावले. फोडलेली संपली तेव्हा बोर्गिलने स्वयंपाकघरातली बाकडी आणली. बाबांनी बाकड्याकडे एकदा पाहिलं, पायाखाली घेऊन मोडलं.

वाफ धरायला वेळ लागतो. घाई करून चालत नाही आणि घाई न करून बसवत नाही. काट्याकडे बघत उभं राहायचं, तो हलत नाही. बाहेर ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. दिवस आखूड, आणि अंधार पडल्यावर उघड्या होडीतली माणसं त्या थंडीत किती टिकतात हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बोर्गिल फक्त मधूनमधून पोलक्यावर हात ठेवायची, मोजे आहेत ना पाहायला.

घड्याळयंत्र परत बसवायला सवड नव्हती. काटा जेमतेम चढला तशी बाबांनी गोणपाट सोडलं आणि म्हणाले, "हाताने ओढ. एक लांब, मग थांब. आपली खूण माहीत आहे ना."

मी दोरी ओढली. भोंगा खोकला. झडपेत बर्फ होता, वाफ ओली होती. एका लांब हाकेचे तुकडे पडले. पों, पों, पों. परत ओढली. परत तेच. पण आवाज होता. छतावरचा बर्फ हादरून खाली आला.

"बाहेर जाऊन ऐका," मी बोर्गिलला म्हटलं.

ती गेली आणि लगेच दारात आली. "शिंग. शिंग वाजतंय. जवळ."

मी दोरी बाबांच्या हातात दिली आणि धक्क्यावर धावले. खरंच होतं. पत्र्याचं भसाडं शिंग, समोरून जरा डावीकडे, इतकं जवळ की मी एलिंगच्या नावाने हाक मारली. भोंगा वाजला. शिंगाने उत्तर दिलं. परत भोंगा. परत शिंग, या वेळी उजवीकडे. आणि बारीक.

"लांब चाललेत," बोर्गिल म्हणाली. "सिग्ने, ते लांब चाललेत गं. हाल्वोरला वेड लागलं का?"

उजवीकडे पूर्वेला आमच्या टोकापुढे काहीच नाही. नुसतं तळं, क्षितिजापर्यंत. भोंगा जितका वाजत होता तितकं शिंग दूर जात होतं. जणू आम्हीच त्यांना हाकलत होतो.

मी परत भोंगाघरात धावले. "बाबा, ते उलटे फिरलेत. आपल्या आवाजापासून पळतायत."

बाबांचा हात दोरीवर होता. त्यांनी ती सोडली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आईच्या वेळीही नाही.

"त्यांना हे जहाज वाटतंय," ते म्हणाले. "तीन तुकडे वाजतायत. धुक्यात चालती आगबोट तीनदा वाजवते. अंगावर येईल म्हणून बाजूला होतायत."

"पण जहाज कुठलं आता? शेवटचं गेलं."

"राहिलेलं एखादं असू शकतं. अस्लाकचा भोंगा असू शकत नाही." ते भट्टीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "हाल्वोर ओळखतो मला. पंधरा तारखेचा सूर्य उगवल्यावर अस्लाक भोंगा वाजवील हे त्याच्या डोक्यातही येणार नाही. समोर येऊन सांगितलं तरी पटणार नाही."

मी लांब हाक नीट वाजवायचा प्रयत्न केला. झडप ऐकेना. काटा खाली यायला लागला, कारण एवढा वेळ आम्ही कमावलेलं उधळत होतो. बाबा म्हणाले, "आणखी थोडंच पुरेल. मग परत चढवायला वेळ लागेल."

तेवढ्या वेळात अंधार पडणार होता.

आता एक सांगते, जे त्या दिवसापर्यंत बाबांना ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात इन्स्पेक्टर साहेब तपासणीला यायचा तेव्हा आधी आमच्याकडे उतरायचा, जेवायचा, आणि मग त्याची बोट घोडखडकाकडे निघायची. सूचना न देता जायचं, म्हणजे पितळेवरचे डाग आणि दाढी न केलेली माणसं सापडतात, यात त्याला फार मौज वाटायची. त्याची बोट धक्क्यावरून सुटली की मी भोंगाघरात जायची, तपासणीसाठी भट्टी पेटलेलीच असायची, आणि दोरी ओढायची: आखूड, आखूड, लांब, आखूड. बाबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाइपात पाणी साचतं, ते काढते. त्यांना पटलं. पाइपात पाणी साचतंच. पण तिकडे खडकावर तिघेही चिंध्या घेऊन पितळेला भिडलेले असायचे, कारण त्या चार हाकांचा अर्थ होता: साहेब येतोय. ही खूण कुठल्या नियमात नाही. कुठलं जहाज ती वाजवत नाही. ती फक्त त्यांना आणि मला माहीत.

मी दोरी परत हातात घेतली. लांब हाक जमत नव्हती, पण तुकडे जमत होते, तुकडेच तर पडत होते. आखूड, आखूड. मग दोरी दोन्ही हातांनी धरून तिच्यावर अंग टाकलं, झडप करकरली आणि ओरडली. मग आखूड.

"काय करतेस? पाणी काढतेस आत्ता?" बाबा म्हणाले.

"हो."

परत तेच. आणि परत. काटा घसरत होता. बोर्गिल दारात पाठ करून उभी, कान बाहेर. चौथ्यांदा वाजवताना भोंग्याचा आवाज बसला, शेवटची आखूड हाक म्हणजे नुसता सुस्कारा झाला. मग काही नाही. भट्टीत बाकड्याचा पाय तडतडत होता तेवढंच.

आम्ही उभे होतो. मी दोरी सोडली नव्हती, खरं तर सोडता येत नव्हती. हातमोजा तिला गोठून चिकटला होता. बोर्गिलने एकदा डोकं हलवलं, म्हणजे नाही. मग परत हलवलं, पण वेगळं.

"थांबा," ती म्हणाली.

शिंग वाजलं. उजवीकडे, लांब. आखूड, आखूड, लांब, आखूड.

बोर्गिल मटकन खाली बसली, तिथेच कोळशात. मी धक्क्यावर गेले आणि बादली कुऱ्हाडीने बडवत राहिले, हाताला जाणीव उरली नाही तोवर. वाफेतून आधी वल्ह्याचा आवाज आला, मग एलिंगचा, शिवी देत असलेला. मग होडी. ती होडी वाटतच नव्हती, बर्फाचा एक लांबुळका गोळा होता, त्यात तीन माणसं रोवलेली. होडीचं इंजिन खडक सोडल्यावर थोड्याच वेळात गोठून बंद पडलं होतं. त्यांना आम्ही कुऱ्हाडीने सोडवलं. हे अलंकाराने म्हणत नाही. हाल्वोरचे बूट होडीच्या तळाला गोठून बसले होते, ते फोडून काढावे लागले. बाप्तिस्त, त्यांच्यातला तिसरा, सगळा वेळ वल्हं धरून होता आणि त्याचा उजवा हात वल्ह्यावरून निघेना.

स्वयंपाकघरात बसायला बाकडी नव्हती, म्हणून सगळे चुलीपुढे जमिनीवर. बोर्गिलने हाल्वोरचे पाय मांडीवर घेतले आणि ते मोजे एकदाचे चढवले. एकीकडे रडत होती, एकीकडे बोलत होती. "उलटा कशाला फिरलास रे म्हाताऱ्या? ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं," हाल्वोर दात वाजवत म्हणाला. "मीच म्हटलं, जहाज आहे, बाजूला घ्या. हा एलिंग म्हणाला, भोंगा अस्वलटोकाचा आहे. मी म्हटलं, अरे, अस्लाक पंधरा तारखेला स्वतःच्या जावयासाठीसुद्धा..." तो थांबला. बाबा समोरच होते, कॉफी ओतत. ओतत राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग ते वाजलं," एलिंग म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते, तरी त्याला हसू आलं. "हाल्वोरने पहिल्यांदा काय केलं सांगू? टोपी नीट केली."

बाबांनी किटली खाली ठेवली. "ते म्हणजे काय? आखूड, आखूड, लांब, आखूड. काय आहे ते?"

बाप्तिस्त आपल्या हाताकडे बघत होता. त्या हाताची दोन बोटं नंतर गेली. शेवटी एलिंगच म्हणाला, "बाबा, त्याचा अर्थ आहे, साहेब येतोय."

बाबांनी ते डोक्यात नीट बसवून घेतलं. मग म्हणाले, "दरवर्षी साहेब माझ्या या स्वयंपाकघरात परत येऊन मला सुनवायचे. अस्लाक, घोडखडकावरची पितळ बघा जाऊन. हाल्वोरकडून शिका."

हाल्वोर मोज्यांकडे बघत राहिला.

बाबा कंदील घेऊन उठले. बॉयलरमधलं पाणी परत सोडायचं होतं, नाही तर रात्रीत फुटला असता. दार ओढून घेताना त्यांनी पाना खिशात टाकला.

वसंतात बर्फ सुटल्यावर इन्स्पेक्टर आला. बाप्तिस्तच्या बोटांबद्दल त्याने काही विचारलं नाही. ती माझ्या मते खात्याच्या मालकीची नव्हती. त्याने कोळशाच्या खोलीची तुटलेली मोहोर पाहिली, ढीग पाहिला, आणि बाबांना विचारलं, बंद केल्यानंतर भट्टी कशासाठी पेटवली.

"पाइपात पाणी साचलं होतं," बाबा म्हणाले. "काढावं लागलं."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस थाप मारेल हे त्याच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्याने मान हलवली, मासा आणि बटाटे जेवला, आणि घोडखडकाकडे जायला बोटीत चढला. एलिंग तिकडे होता, हाल्वोर होता, बाप्तिस्त तीन बोटांनी वाती कातरत होता.

बोट धक्क्यापासून सुटली. बाबा हात पाठीशी बांधून ती दूर जाताना बघत होते.

"सिग्ने," ते म्हणाले, "पाइपात पाणी असेल. बघ जरा."